पीक : सायकल

कालव्याच्या काठानं सायकल चालवायला सरकारी परवानगी लागत नाही. मी ती मागायला गेलो, म्हणून लागली. पुढं माझ्यावर जे ओढवलं त्याची सुरुवात या एका सभ्यपणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. एखादा असभ्य माणूस सरळ काठावर चढला असता, हवी तेवढी सायकल हाणून दुपारी घरी आला असता आणि जेवून आडवा झाला असता.

मी शिवराज नरवडे. गारखेड्यात राहतो आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गेली सव्वीस वर्षं दर जुलैत मी फळ्यावर निळ्या खडूनं जायकवाडीचा डावा कालवा काढतो. कालवा माझा फार सुबक येतो. तपासणीला आलेले साहेबसुद्धा त्याच्याकडं बघून मान हलवतात. पण खरा कालवा मी पाहिला होता तो फक्त एसटीच्या खिडकीतून, तोही डोळा लागलेला नसेल तेव्हा.

गेल्या दिवाळीत मी गिअरची सायकल घेतली. पहिल्या दिवशी जालना रोडवर एक रिक्षा माझ्या सायकलचा आरसा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी, बहुधा त्याच रिक्षावाल्यानं, "काका, जरा देख के चलो ना," म्हणून मलाच समज दिली. तिसऱ्या दिवशी एक पालक बाई स्कूटीवरून पाऊण किलोमीटर माझ्या शेजारून चालल्या आणि त्यांच्या सत्यमला भूगोलात कमी मार्क का पडले याची चर्चा करत राहिल्या. मागून बस हॉर्न देत होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही बोला सर, मी ऐकतेय."

त्या संध्याकाळी मला कालवा आठवला. कालव्याच्या काठाला लागून मुरमाचा एक रस्ता असतो, खात्याच्या जीपसाठी केलेला. जीप येते वर्षातून दोनदा. एरवी तिथं ना रिक्षा, ना बस, ना पालक. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं आणि मधून मी. ही कल्पना मला इतकी आवडली की विचार न करता ती मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकली : 'जानेवारीत पैठणच्या पुढं कालव्याच्या काठानं वीस किलोमीटरची वाहनमुक्त सायकल सफर करण्याचा मानस आहे.' 'मानस आहे' हे शब्द मी मुद्दाम घातले होते, नंतर माघार घ्यायला जागा राहावी म्हणून. ते कुणी वाचलेच नाहीत. रात्रीपर्यंत सत्तावीस अंगठे आणि अकरा सल्ले आले.

सल्ल्यांमध्ये शेजारच्या बद्रीनाथअण्णांचा हात कुणी धरू शकत नाही. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि शेवटची सायकल त्यांनी चालवली तेव्हा पेट्रोल कुठल्या भावानं होतं हे ते अजून सांगतात. त्यांनी मला फाटकापाशीच गाठलं. "कालव्यावर कुत्री असतात. खिशात भाकरी ठेवायची. कुत्रं आलं की भाकर टाकायची आन् सुटायचं."

"आणि दुसरं कुत्रं आलं तर?"

"दोन भाकरी ठेवा." मग ते माझ्या हेल्मेटकडं बघत राहिले. "हे काळं नका घालू. तिकडं रानडुकरांचा लई तरास हाय. उसातून नुसतं डोकं दिसलं की लोक दगडच हाणतेत." त्या दिवसापासून मला हेल्मेट घालताना मानेवर शिरशिरी येऊ लागली. शेवटी विशाखानं त्याच्यावर तिची जुनी पिवळी ओढणी गुंडाळून दिली. मी आरशात पाहिलं. रानडुक्कर नक्कीच वाटत नव्हतो. काय वाटत होतो ते सांगत नाही.

विशाखा म्हणजे माझी बायको. पोस्टात काउंटरवर असते. तिनं आत्तापर्यंत या मोहिमेत एवढाच भाग घेतला होता.

आता परवानगी. कालव्याचं काम बघणारं एक छोटं कार्यालय मी शोधून काढलं. कुठलं ते विचारू नका, त्यांचा काही दोष नव्हता. टेबलामागच्या लिपिकानं मान वर न करता विचारलं, "पाणी पायजे?"

"नाही."

"पाइपलाइन टाकायची?"

"नाही. मला काठावरून सायकल चालवायचीय."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "चालवा ना मग."

"परवानगी लागते का?"

"नाय लागत."

इथं मी आभार मानून उठायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं हजेरीपत्रक सांभाळलेला माणूस तोंडी शब्दावर उठत नाही. मी म्हणालो, "तसं लेखी मिळेल का?"

लिपिकानं पेन खाली ठेवलं. "आसं बघा सर. लेखी पायजे म्हणल्यावर अर्ज लागंल. अर्ज आला की परवानगी द्यावी लागंल. आन् परवानगी द्यायची म्हणल्यावर ती लागती, आसंच झालं ना?"

यातली एकही पायरी मला खोडता आली नाही. तर्कशास्त्राच्या सरांनाही नंतर विचारलं. त्यांनाही नाही.

मग चार फेऱ्या झाल्या. सायकलीचा वेगळा अर्ज नव्हता. असलेल्या अर्जांतला सगळ्यात जवळचा म्हणजे कालव्यावर प्री-वेडिंग शूटिंग करण्याचा. "यात बसता का तुम्ही?" लिपिकानं विचारलं. मी सांगितलं की माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत. त्यानं बराच विचार केला आणि हळहळत तो अर्ज बाजूला ठेवला. शेवटी उरला नमुना सात, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज. "याच्यावर साहेब डोळे झाकून सही करतेत," तो म्हणाला, आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात त्यानं भरलाही. शेतकऱ्याचं नाव : नरवडे शिवराज. पीक : सायकल. क्षेत्र या रकान्यापाशी तो अडला. "चाकं किती?" मी म्हणालो दोन. त्यानं लिहिलं, दोन.

पुढच्या आठवड्यात मंजुरीचा कागद हातात आला. 'सदर पिकास चालू रब्बी आवर्तनात एक पाळी मंजूर. पाण्याचा अपव्यय झाल्यास मंजुरी रद्द समजावी.' मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि जेवणाच्या टेबलावर, सहज दिसेल असा, ठेवला.

विशाखानं तो पोळ्या लाटून झाल्यावर वाचला. पोस्टातल्या माणसाच्या डोळ्यांतून रकाना सुटत नाही. ती म्हणाली, "इथं दोन लिहिलंय."

"ती चाकं आहेत."

"चाकं कुठं लिहिलंय? पीक सायकल, क्षेत्र दोन. म्हणजे दोन सायकली. एक तुमची." तिनं कागद घडी करून पाकिटात ठेवला. "दुसरी माझी."

"अगं, तुला सायकल येत नाही!"

"जानेवारीला अजून महिना आहे," ती म्हणाली आणि भाजी गरम करायला गेली.

सायकल मिळायला अडचण आली नाही. समोरच्या घरातले तन्वीरभाई कूलर बनवतात. त्यांची मुलगी युसरा पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची पुढं बास्केट असलेली सायकल जिन्याखाली उभीच होती. शिकवायचं काम अर्थातच मी घेतलं. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पहाटे सहा वाजता मी विशाखाला आधी गुरुत्वमध्य समजावून सांगितला. जमिनीवर काडीनं आकृतीही काढली. मग कॅरिअर धरलं आणि म्हणालो, "आता तोल म्हणजे काय ते आठव." तिनं ते आठवलं आणि ती सरळ अण्णांच्या कढीपत्त्यात गेली. दुसऱ्या दिवशीही कढीपत्त्यातच गेली. तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः खुर्ची टाकून झाडापुढं बसले.

चौथ्या दिवशी तन्वीरभाईंच्या बेगम, जोहराभाभी, ओढणी कमरेला खोचून प्लॉटवर आल्या. त्यांचं बालपण दौलताबादेतलं, किल्ल्याखालच्या उतारावर सायकल मारत शाळेत गेलेल्या. त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्ही घरी जा. चाय पिओ." मग विशाखाला म्हणाल्या, "भाभी, नीचे क्या देखते? नीचे कुच नै. सामने देखो. चलानेका इरादा है ना? तो चलाओ." बस. एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. बाराव्या दिवशी विशाखा प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाला न धडकता गेली. चढताना मागून कुणीतरी धरावं लागायचं आणि थांबताना समोर काहीतरी मऊ असलेलं बरं पडायचं, पण मधला भाग उत्तम. मी खिडकीतून चहा पीत सगळं पाहिलं. मला आनंदच झाला. फक्त गुरुत्वमध्याचा उल्लेख कुठंच झाला नाही, याचं थोडं वाटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी तन्वीरभाईंनी आम्हाला आणि सायकलींना टेम्पोत घालून कालव्यावर नेऊन सोडलं. थंडीत कूलरचा टेम्पो रिकामाच असतो. ठरलं असं : तन्वीरभाई वीस किलोमीटर पुढच्या गावाच्या पुलावर थांबतील, आम्ही काठाकाठानं बारापर्यंत तिथं पोचू. विशाखानं स्वतःचा मोबाइल टेम्पोच्या सीटवर ठेवून दिला. "दोघांत एक पुरे," ती म्हणाली. डबा मात्र तिच्या बास्केटमध्ये होता.

आणि काय सांगू, पहिले सात किलोमीटर अगदी फळ्यावरच्यासारखे गेले! उजव्या हाताला काठोकाठ भरलेलं पाणी, डाव्या हाताला गहू, मोसंबीच्या बागा, ज्वारीचे उभे धांडे. ऊन कोवळं. मुरमावर चाकांचा कुरकुर आवाज, त्याखेरीज काही नाही. विशाखा माझ्या पुढं होती, पाठ ताठ, नजर समोर. मी मागून कालव्याच्या उताराविषयी थोडं बोलत होतो. ती "हं" म्हणत नव्हती, पण वाऱ्यामुळं ऐकू येत नसावं.

वाहनं नव्हती हे खरं, पण माणसं होती, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न होता. "कुठं निघाले?" मी म्हणायचो, "असंच." बांधावरचा माणूस खुरपं थांबवून म्हणायचा, "आसंच कसं?" आपल्याकडं असंच कुठं जाता येत नाही. एकानं आम्हाला मोजणीवाले ठरवलं. एक म्हातारे आजोबा, आम्ही पोलिओचे डोस आणलेत असं समजून, नातवाला उचलून आणायला घराकडं पळाले. मी प्रत्येकाला थांबून खरं सांगत होतो. विशाखाला थांबणं अवघड, त्यामुळं ती हात करून पुढं जायची. बघता बघता ती मानाची पाहुणी झाली आणि मी तिच्यामागून खुलासे देत येणारा इसम.

सातव्या किलोमीटरला मला वाटलं, हे कॉलनीला दाखवलं पाहिजे. मी खिशातून मोबाइल काढला, एका हातानं हँडल धरलं आणि बोलायला सुरुवात केली : "मित्रहो, आपण आत्ता डाव्या कालव्याच्या..." समोर एक शेळी आडवी आली. मी शेळीला वाचवलं. मोबाइलला वाचवता आलं नाही. त्यानं हवेत एक सुरेख कमान काढली आणि तो डाव्या कालव्यात गेला. शेळीला वाचवताना मी वेड्या बाभळीच्या फांदीवरून गेलो होतो, त्यामुळं दोन मिनिटांत माझ्या सायकलीची दोन्ही चाकं बसली.

विशाखा पुढच्या वाळल्या गवताच्या ढिगात जाऊन थांबली आणि चालत मागं आली. मी पंक्चरचं सामान काढलं. तीन रात्री मी त्याचे व्हिडिओ पाहिले होते. पण व्हिडिओतल्या माणसाचं सोल्यूशन ओलं असतं. माझी ट्यूब दाबली तर तिच्यातून फक्त हवा आली.

"चार किलोमीटरवर पहिला पूल आहे," मी नकाशा आठवून म्हणालो. "तिथं पंक्चरवाला असेल."

"मी जाऊन आणते," विशाखा म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं का? मी म्हणालोही. पण ती सायकल घेऊन उभी राहिली होती, आणि मागून धरायला मीच होतो. मी धरलं. ती गेली. सरळ रस्त्यावर ती लहान लहान होत गेली, मग एका वळणावर बाभळींमागं दिसेनाशी झाली. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

जवळच चारीचं गेट होतं आणि तिथं पाटकरी बसला होता. पाटकरी म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या चाऱ्यांना पाणी सोडणारा माणूस. धोंडिबा नाव. बारीक मिशी, कानाला मफलर. त्यानं माझ्या ओढणीवाल्या हेल्मेटकडं पाहिलं, पण सभ्यपणे काही बोलला नाही. मी ओळख म्हणून मंजुरीचा कागद पुढं केला. माझ्या चार फेऱ्यांचं चीज होण्याचा हा एकमेव क्षण होता.

धोंडिबानं तो सावकाश वाचला. "पीक सायकल. क्षेत्र दोन. बराबर हाय." मग कागद परत देत म्हणाला, "पण सायेब, ह्या भागाची पाळी मंगळवारची हाय. आज पानी नाय देता येनार."

"मला पाणी नकोच आहे."

"मग आलात कशाला?"

सकाळपासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला होता, पण इतक्या थेट कुणी नाही.

साडेनऊ झाले. दहा झाले. चार किलोमीटर जाऊन यायला एवढा वेळ? धोंडिबानं मला त्याच्या किटलीतला चहा दिला आणि मोबाइल पुढं केला. "बाईंला लावा फोन."

"बाईंचा फोन टेम्पोत आहे."

"मग टेम्पोवाल्याला लावा."

मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. मला तन्वीरभाईंचा नंबर पाठ नव्हता. विशाखाचाही नव्हता. सत्तावीस वर्षांच्या बायकोचा नंबर! कालव्याची लांबी, त्याखालचं क्षेत्र, धरणाचे दरवाजे, सगळं तोंडपाठ. पाठ असलेला एकच फोन नंबर होता, आमच्या कॉलेजचा जुना, आणि तो फोन बंद होऊन नऊ वर्षं झाली होती.

धोंडिबाला माझी दया आली असावी. त्यानं पुलावरच्या पाटकऱ्याला फोन लावला. "कडुबा, सायकलवर बाई आल्या का रं तिथं? ...आं? ...कवा?" मग फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "बाई गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"म्हंजी पूल वलांडून पुढं गेल्या. नऊ-सव्वानऊलाच. कडुबानं हात केला, त्यांनी बी हात केला. थांबल्या नाय." तो पुन्हा फोनमध्ये बोलला आणि म्हणाला, "पंक्चरवाला बी नाय तिथं. लग्नाला गेलाय."

मी म्हणालो, तिला थांबता आलं नसेल. धोंडिबा म्हणाला, व्हय, तसं आसंल. त्यानंतर कडुबाकडून काही खबर नव्हती. पुढच्या पाच किलोमीटरांत वस्ती नाही, असं धोंडिबा म्हणाला, आणि मग उगाच म्हणालो असं वाटून मफलर नीट करू लागला. मला त्या पाण्याकडं बघवेना. फळ्यावर कालवा दोन निळ्या रेघांचा असतो. त्याला खोली नसते. इथं पाणी गपगुमान, एका वेगानं चाललं होतं, आणि काठाचा सिमेंटचा उतार शेवाळानं हिरवा झाला होता. पडलेला माणूस तिथून वर कसा येईल? हिनं नुकती शिकलेली सायकल. आणि मागून धरून मीच सोडलेली.

सव्वाअकराला मला पाण्यात काहीतरी लाल दिसलं. विशाखाचं स्वेटर लाल होतं. ते वाहत, गिरक्या घेत आमच्याकडं येत होतं. मी कसा उठलो, कसा उतारापर्यंत धावलो, मला आठवत नाही. मी तिच्या नावानं ओरडत होतो. धोंडिबानं मागून माझा शर्ट धरला नसता तर मी आत गेलोच असतो.

"सायेब! आवं सायेब! पानी कुनीकडून कुनीकडं वाहतंय?"

मी पाण्याकडं पाहिलं.

"बाई खालच्या अंगाला गेल्यात. खालचं वर कसं यील?"

लाल वस्तू आमच्या समोरून वाहत खाली गेली. कुण्या देवाचं वस्त्र होतं, कुणीतरी सोडलेलं. मी मुरमावर बसलो. सव्वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पाणी उताराकडं वाहतं हे एका पाटकऱ्यानं सांगितलं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी त्याचे दोन्ही हात धरले. धोंडिबा संकोचून म्हणाला, "च्या घ्या आनखी."

कप तोंडाला लावतो तोच घंटी वाजली.

ती आमच्या काठावर वाजली नव्हती. मी वर पाहिलं. कालव्याच्या पलीकडच्या काठावरून, उलट्या दिशेनं, विशाखा येत होती. लाल स्वेटर, पाठ ताठ, नजर समोर. ती आमच्या समोरून तशीच पुढं गेली.

"विशाखा!" मी ओरडलो.

पलीकडं एक बाई गवताचा भारा बांधत होत्या. विशाखा त्या भाऱ्यात घुसली आणि थांबली. बाई एकदम बाजूला झाल्या, मग तिला धरून उभं केलं. नंतर कळलं की त्यांचं नाव गोजरबाई. त्या दिवसाची उरलेली सगळी चर्चा त्यांच्या साक्षीनं झाली.

"तू तिकडं कशी?" मी ओरडलो.

"काय?"

गोजरबाई म्हणाल्या, "तू हिकडं कशी म्हंतेत." त्यांचा आवाज खणखणीत होता. दोन्ही काठांना पुरेल असा.

"मला डावीकडं वळता येत नाही!" विशाखा ओरडली. "फक्त उजवीकडं येतं! प्लॉटवर तसंच वळत होते! दुसऱ्या पुलावर उजवीकडं वळले, मग परत उजवीकडं वळले, तर हा काठ!"

मी हातानं हवेत आकृती काढून पाहिली. बरोबर होतं.

"मग पहिल्याच पुलावर का नाही थांबलीस?"

गोजरबाई भारा बांधायच्या थांबल्या. धोंडिबा चारीचं गेट सोडून पुढं आला.

"थांबावंसं वाटलं नाही!" विशाखा ओरडली. "अहो, माझ्या मागं रांग नव्हती! मागून कुणी 'मॅडम, लवकर करा' म्हणत नव्हतं! काउंटरवर एवढी वर्षं बसले, मला माहीतच नव्हतं, असं पुढं पुढं जाता येतं ते! पूल आला नि गेला! मग मी म्हटलं, पुढचा बघू!"

"मी इथं मरत होतो!" मी ओरडलो. "मला वाटलं तू पाण्यात पडलीस!"



"लई घाबरले व्हते मालक," धोंडिबानं माझ्या वतीनं हाक दिली. "पान्यात उडी टाकीत व्हते. म्या धरलं."

"पोहता येत नाही तुम्हाला!" विशाखा ओरडली.

"माहितीय!"

तिनं बास्केटमधून एक फडकं काढून दाखवलं. "हुरडा आहे! दुसऱ्या पुलापाशी बाया भाजत होत्या, त्यांनी थांबवलं, चटणी दिली, परत धरून चढवलं! तुमच्यासाठी आणलाय!" हुरडा त्या काठावर होता, डबाही त्या काठावर होता, आणि मी सकाळपासून दोन कप चहावर होतो. गोजरबाईंनी आमच्याकडं पाहिलं, ओटीतून एक मोसंबी काढली आणि नेम धरून फेकली. ती पाण्यात पडली. दुसरी फेकली ती माझ्या हेल्मेटला लागली. मी ती सोलून अर्धी धोंडिबाला दिली. इतकी गोड मोसंबी मी आजवर खाल्लेली नाही.

मग आम्ही पहिल्या पुलाकडं निघालो, ती तिच्या काठानं, मी माझ्या. मला बसकी सायकल ढकलायची होती. तिला माझ्या चालीनं सायकल चालवता येईना. हळू केली की ती पडायची. त्यामुळं ती सपाट्यानं पुढं जायची, एखाद्या मऊ ठिकाणी थांबायची, आणि मी समोर पोचलो की आम्ही बोलायचो; मग त्याच वाटेनं येणाऱ्या गोजरबाई तिला धरून परत चढवायच्या. घरात आम्ही भाजीविषयी बोलतो. कालव्यावर एवढं ओरडून भाजीविषयी बोलवत नाही. तिनं विचारलं, खरंच उडी मारणार होतात? मी म्हणालो, हो. तिनं विचारलं, माझा नंबर पाठ नाही? मी म्हणालो, नाही. मग ती तिकडून ओरडून एकेक आकडा सांगू लागली आणि मी इकडून ओरडून परत म्हणू लागलो. गव्हात पाणी भरणाऱ्या एका माणसानं तो लिहून घेतला की काय, अशी मला शंका आहे. पण मला तो पाठ झाला. झोपेतून उठवून विचारा.

पुलावर तन्वीरभाईंचा टेम्पो उभा होता. साडेबारापर्यंत वाट बघून, माझा फोन लागेना म्हणून, ते काठाकाठानं आम्हाला शोधत उलटे आले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मला पाहताच म्हणाले, "सर, मेरी तो जान निकल गई थी. भाभी कां हैं?" मी पलीकडं बोट दाखवलं. विशाखा पुलावर चढत होती. डावीकडं वळायचं होतं, ते गोजरबाईंनी हँडल धरून वळवून दिलं होतं. पुलाच्या मधोमध कठड्याला पाय टेकवून ती थांबली, सायकलवरून न उतरता. मी तिच्याजवळ गेलो. जवळून बोलायची सवय गेली होती. तिनं हुरडा माझ्या हातात दिला.

तन्वीरभाईंनी माझी सायकल मागं चढवली आणि विशाखाच्या सायकलीला हात घातला. "लाओ भाभी. थक गए होंगे."

"मी नाही येत टेम्पोत," विशाखा म्हणाली. "ठरलेल्या गावापर्यंत अजून नऊ किलोमीटर आहेत ना?"

तन्वीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. पुलावरून उतरताना उजवीकडंच वळायचं होतं, ते तिला येत होतं; मी फक्त मागून धरलं आणि सोडलं. ती गेली.

आम्ही टेम्पोत बसलो आणि तिच्यामागं काठाच्या रस्त्याला लागलो. रस्ता एका गाडीपुरता. पुढं लाल स्वेटर, तासाला दहा किलोमीटर. थोड्या वेळानं आमच्यामागं उसाची एक बैलगाडी आली, तिच्यामागं दुसरी, मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागला. तन्वीरभाईंनी आरशात पाहिलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सर, भाभी को बाजू होने बोलूं? हॉर्न मारूं?"

हुरड्याची मूठ माझ्या तोंडात होती. ती गिळून मी म्हणालो, "नको तन्वीरभाई. चालू द्या असंच."

"आसंच?"

"असंच," मी म्हणालो, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या सगळ्यांना हळू चला म्हणून खूण केली.